स्विमिंग पूल हिवाळ्यात बंद ठेवायचाय, पाईपलाईन रिकामी करायची का?

माळावरचा
नमस्कार मंडळी. बार्शी रोडला आमचं शेत आहे, तिथं घराशेजारी तीस बाय पंधरा फुटाचा पूल आहे. आरसीसी, आतून टाईल्स, सरासरी खोली साडेचार फूट. एक स्किमर (वरचं पाणी-कचरा ओढून घेणारं तोंड), दोन रिटर्न (गाळलेलं पाणी परत पूलमध्ये सोडणारी तोंडं), तळाला मेन ड्रेन, दीड एचपीचा पंप आणि सँड फिल्टर म्हणजे वाळूचा फिल्टर, त्यावर पाणी कुठं जायचं ते ठरवणारा सहा पोझिशनचा मल्टीपोर्ट व्हॉल्व्ह. दिवाळीला पोरं येतात, पोहून जातात, त्यानंतर मार्चपर्यंत पाण्यात कुणी उतरत नाही.

आता प्रश्न असा की या चार महिन्यांत पूल बंद ठेवायचा तर नेमकं काय करायचं. थोरला भाऊ मिनेसोटात असतो, तो म्हणतोय सगळ्या लाईनी ड्रेन कर, ब्लोअरने हवा मारून कोरड्या कर, अँटीफ्रीज (पाणी गोठू न देणारं द्रव) घाल, तोंडं रबरी बुचांनी बंद कर. इथला मेंटेनन्सवाला म्हणतोय लाईनीबिईनी सोडा, अख्खा पूलच रिकामा करून टाका, मार्चमध्ये धुऊन भरू. आणि शेतावरचे मामा म्हणतात काही करू नका, आहे तसं राहू द्या. तिघंही ठामपणे सांगतायत. पाणी टँकरचं आहे त्यामुळे ओतून द्यायला जीव होत नाही. कुणी केलंय का हे? सविस्तर सांगा.

कडक भाकरी
सोलापुरात अँटीफ्रीज? मालक, आमच्याकडं फ्रिजमधला बर्फ ग्लासात पडायच्या आत वितळतो.

नवी पेठ
भाकरी, त्याला हसू नको, प्रश्न बरोबर आहे. मीपण वाचायला बसलोय, साडूच्या फार्महाऊसवर हेच चाललंय.

होटगी रोडवाला
लाईन रिकामी करायची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली तरी आपल्याकडं पारा दहा-बाराच्या आसपास थांबतो. पाणी गोठायला शून्य लागतं. विषय संपला.

चादरवाली
विषय संपला नाही हो होटगी रोडवाले, कारण भावाने सांगितलं ते तिकडे शब्दशः बरोबर आहे आणि का बरोबर आहे ते कळलं की इथे काय घ्यायचं काय सोडायचं ते आपोआप कळेल. मी माहेरची सोलापूरची, लग्नानंतर बरीच वर्षं मिनियापोलिसजवळ. आमच्या मागच्या अंगणात पूल आहे आणि दर वर्षी सप्टेंबर संपताना तो बंद करतो.

पाणी गोठलं की त्याचं आकारमान साधारण नऊ टक्क्यांनी वाढतं. उघड्या पृष्ठभागावर काही बिघडत नाही, वर सरकायला जागा असते. पण पाईपात, पंपाच्या भांड्यात, फिल्टरमध्ये, व्हॉल्व्हमध्ये पाणी कोंडलेलं असतं. तिथे बर्फ झाला की पीव्हीसी चिरतं, पंपाची बॉडी फुटते. आणि ही लाईन जमिनीखाली आहे म्हणून वाचते असंही नाही, मिनेसोटात जमीनच खोलवर गोठते, बांधकामाच्या नियमात घराचा पाया राज्याच्या दक्षिण भागात साडेतीन फूट आणि उत्तरेला पाच फूट खाली न्यावा लागतो तो त्यामुळेच. पूलची लाईन बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा वर असते.

म्हणून आधी पंप, फिल्टर, हीटर सगळ्यांचे तळाचे ड्रेन प्लग काढायचे. मल्टीपोर्टचं हँडल दोन पोझिशनच्या मधे ठेवायचं म्हणजे आत कुठल्याच कप्प्यात पाणी अडकत नाही. मग पंपाच्या जागेवरून ब्लोअर लावायचा. स्किमरमधून बुडबुडे यायला लागले, पाणी यायचं थांबलं की त्याला बूच. रिटर्नलापण तसंच, एकेक करून. मेन ड्रेनला बूच लावायला कोण खाली जाणार, म्हणून तिथे हवा मारत राहायची, तळातून मोठे बुडबुडे वर आले की हवा चालू असतानाच पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा. लाईनीत हवा कोंडून राहते, पाणी परत वर येत नाही. स्किमरमध्ये एक पोकळ प्लास्टिकची नळी ठेवतात, बर्फ दाबला की ती चेपते आणि स्किमर वाचतो.

पूल मात्र भरलेलाच ठेवतात हे लक्षात घ्या. पाणी चार अंशाला सगळ्यात जड असतं त्यामुळे बर्फ वरून धरतो, तळाला पाणीच राहतं.

माळावरचा
चादरवाली ताई, फारच छान. भाऊ फोनवर इतकं सांगत नाही, नुसतं "कर" म्हणतो. अँटीफ्रीज म्हणजे गाडीतलंच ना?

चादरवाली
नाही नाही, तेवढं मुळीच करू नका, इथे करणार नसलात तरी लक्षात ठेवा. गाडीतलं कूलंट बहुतेक इथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते विषारी. चवीला गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. पूलच्या लाईनीला प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, गुलाबी रंगाचं वेगळं मिळतं. तेही हवा मारून लाईन कोरडी केल्यावर, शिल्लक राहिलेल्या थोड्या पाण्यासाठी. आमच्या गल्लीत निम्मे लोक ते घालतही नाहीत, लाईन नीट फुंकली की पुरतं.

कोरडा बोअर
बोअरला कॉम्प्रेसर लावतो तोच कॉम्प्रेसर चालेल का मग हवा मारायला? उगाच विचारतोय.

टूलबॉक्स मामा
कोरडा बोअर, नको रे बाबा. मी प्लंबिंगच करतो, पूल पण करतो थोडेफार. पाण्याचं प्रेशर आणि हवेचं प्रेशर यात फार फरक असतो. पाणी दाबलं जात नाही, पाईप फुटला तर भुस्स करून प्रेशर उतरतं. हवा दाबली की तिच्यात ताकद साठते, पीव्हीसी पाईप किंवा फिल्टरची टाकी फुटली तर तुकडे उडतात, माणूस मरू शकतो. पीव्हीसी लाईनीची टेस्टिंग हवेने करू नये असं कंपन्या स्वतः लिहून देतात. जिथं लाईन फुंकतात तिथं ब्लोअर वापरतात, हवा भरपूर पण प्रेशर कमी. बोअरचा कॉम्प्रेसर पूलजवळ आणायचाच नाही.

मालक तुमचा मेंटेनन्सवाला रिकामा करा म्हणतोय त्यात मला चूक वाटत नाही. रिकामा असला की टाईल्सचे जॉईंट बघता येतात, खार घासता येतो, लाईटची काच बदलता येते. मी तरी गिऱ्हाईकाला हेच सांगतो.

सिव्हिल अण्णा
टूलबॉक्स मामा, हवेबद्दल शंभर टक्के सहमत. पूल रिकामा करण्याबद्दल अजिबात नाही, आणि हे मी जोर देऊन लिहितोय कारण यात नुकसान कायमचं होतं.

रिकामी घागर पाण्यात तरंगते ना, रिकामा पूलही तसाच तरंगायला बघतो. जमिनीतलं पाणी पूलच्या तळापेक्षा एक मीटर वर असेल तर प्रत्येक चौरस मीटरला एक टन इतका दाब खालून वर येतो. मालकांचा पूल तीस बाय पंधरा म्हणजे साधारण ४२ चौरस मीटर. झाले ४२ टन. भरलेल्या पूलमध्ये आतलं पाणी हा दाब तोलून धरतं. ते काढलं की सगळा भार स्लॅब आणि भिंतींच्या वजनावर. फायबरचा पूल असेल तर सरळ वर उचलला जातो, आरसीसीचा असेल तर तळाला तडा जातो, नाहीतर एक कोपरा वर येतो आणि त्याबरोबर मेन ड्रेनची लाईन जॉईंटातून तुटते. लाईन वाचवायला निघालो आणि लाईनच तोडली अशी गत.

आता वेळ बघा. आपल्याकडं सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये, परतीचा ऑक्टोबरातही झोडपतो. म्हणजे दिवाळीच्या आसपास विहिरी वर्षातल्या सगळ्यात वरच्या पातळीला असतात. मेंटेनन्सवाला नेमका त्याच वेळी पूल रिकामा करा म्हणतोय. शिवाय काळी माती असेल तर ती ओली होऊन फुगते, भिंतींना बाजूने दाबते. आत पाणी नसेल तर त्या भिंती आत ढकलल्या जातात.

टूलबॉक्स मामा
अण्णा तुमचं गणित मान्य. पण आमच्याकडच्या बऱ्याच साईटला खाली मुरूम आणि कठीण खडक आहे, पाणी लागतच नाही. तिथं कितीतरी पूल रिकामे केले, काही झालं नाही.

सिव्हिल अण्णा
मुरूम असेल आणि पाणी खाली असेल तर होणार नाही, बरोबर. पण खडकात खोदलेल्या खड्ड्यात पूल बांधला असेल तर उलट जास्त धोका, कारण पावसाचं पाणी बॅकफिलमध्ये, म्हणजे भिंतीबाहेर भरलेल्या मातीत साचतं आणि खडक त्याला खाली जाऊ देत नाही. पूल मग स्वतःच्याच डबक्यात बसलेला असतो आणि वरून कळतही नाही. म्हणून अंदाज बांधायचा नाही, बघायचं. जवळच्या विहिरीची पातळी बघा, पूलच्या शेजारी तळाच्या लेव्हलपर्यंत एक भोक मारून त्यात चार इंची पाईप उभा करा, त्यात पाणी दिसतं का बघा. मेन ड्रेनमध्ये हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवलाय का तेही विचारा, तो असला तर बाहेरचा दाब वाढल्यावर पाणी आत येऊ देतो. रिकामा करायचाच असेल तर मे महिन्याच्या सुरुवातीला, विहिरी तळाला गेल्यावर, एका-दोन दिवसांत काम उरकून लगेच भरायचा. उन्हात रिकामा ठेवला तर टाईल्स तापून सुटतात ते वेगळंच.

टूलबॉक्स मामा
विहीर बघायचं पटलं. इथून पुढं गिऱ्हाईकाला आधी तेच विचारीन.

नवी पेठ
हा धागा वाचनखुणेत. साडूला लिंक पाठवली, त्याच्या शेजारी उसाचं रान आहे आणि कॅनॉल पण.

सिव्हिल अण्णा
नवी पेठ, कॅनॉलजवळ असेल तर त्याला आजच फोन करा. कॅनॉलला आवर्तन सुटलं की भर उन्हाळ्यातही पाणी वर येतं.

कडक भाकरी
का बे नवी पेठ, साडूचा पूल आहे हे इतकी वर्षं सांगितलं नाहीस. कट्टा तिथंच करू की.

नवी पेठ
गड्डा यात्रा झाली की करू. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही तू आणायचं.

सांगोल्याचा डाळिंबवाला
पूल आपल्याकडं नाही पण लाईनी आहेत, ठिबकच्या. यातलं निम्मं आम्ही दर हंगामाला करतो म्हणून लिहितो. बहार धरायच्या आधी बागेला ताण देतो तेव्हा ड्रीप बरेच दिवस बंद असतं. त्या वेळी लाईनीत पाणी तसंच ठेवलं तर आत शेवाळ आणि क्षार बसतो, नंतर चालू केलं की ड्रीपर चोक. म्हणून सबमेनचे फ्लश व्हॉल्व्ह उघडायचे, नळ्यांच्या एंडकॅप काढून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडायचं, मग बंद. क्षार जास्त असेल तर ॲसिड ट्रीटमेंट, पाण्याचा सामू (पीएच) चारच्या आसपास येईल इतकं ॲसिड व्हेंच्युरीतून (खत-औषध ओढून लाईनीत सोडणारी जोडणी) सोडायचं, चोवीस तास लाईनीत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी फ्लश करायचं. सँड फिल्टर पण तुमचा-आमचा सारखाच, बॅकवॉश मारल्याशिवाय, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुतल्याशिवाय बंद करायचा नाही. पूलच्या लाईनीला पण ॲसिड सोडलं तर खार निघेल असं वाटतं.

केमिकल आप्पा
डाळिंबवाले, फ्लशिंग आणि बॅकवॉशबद्दल मनापासून सहमत, ॲसिडबद्दल थांबा. ठिबकची नळी पॉलीथिलीनची, तिला काही होत नाही. पूलच्या लाईनीच्या एका टोकाला पंपाचं सील आणि धातूचे भाग, हीटर असला तर त्याची तांब्याची कॉईल, दुसऱ्या टोकाला टाईल्सचं सिमेंटचं ग्राऊट (टाईल्सच्या फटीतलं भरण). सामू चारचं पाणी चोवीस तास ठेवलं तर खाराबरोबर ग्राऊट पण जाईल. पूलमध्ये सामू ७.२ ते ७.६ मध्ये राखला तर खार कमी बसतो. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, त्यात उन्हाने पाणी उडतं आणि क्षार तिथंच राहतात, वरून परत तेच पाणी टाकतो. म्हणून सामू आठच्या वर गेला की वॉटरलाईनच्या टाईलवर पांढरा पट्टा येतो, तोच पट्टा पाईपात आणि फिल्टरच्या वाळूत पण बसत असतो, दिसत नाही इतकंच. वाळूचे खडे होतात ते त्यामुळंच.

ॲसिड वापरताना पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडवर पाणी ओतू नका. आणि बंद पूलच्या केमिकलच्या खोलीत ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ठेवू नका, एकच चमचा-डबा दोन्हीला वापरू नका. दोन्ही क्लोरीनच तर आहे असं म्हणून लोक मिसळतात, त्यातून आग लागते, स्फोट होतो. ब्लीचिंगवर ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू. बंद पंपरूममध्ये हे झालं तर माणूस पायऱ्या चढून बाहेर येईपर्यंत उशीर होतो.

सांगोल्याचा डाळिंबवाला
आप्पा, ग्राऊटचा मुद्दा डोक्यातच नव्हता आला. बरोबर आहे तुमचं.

माळावरचा
चर्चा चांगली चालू आहे, आभारी आहे सगळ्यांचा. पूल रिकामा करणार नाही हे ठरलं. पण मग बंद कसा ठेवायचा? मामा म्हणतात तसं नुसतं सोडून द्यायचं?

आरोग्यसेवक
नुसतं सोडू नका, कळकळीची विनंती. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. आपल्याकडं हिवाळ्यातही दुपारी तीस अंशापर्यंत जातं, डासाला तेवढं पुरतं. एवढा मोठा पूल महिनाभर तसाच राहिला तर आजूबाजूच्या वस्तीवर परिणाम होतो, शेतावर राहणाऱ्या मामांच्या घरावर सगळ्यात आधी. आणि पूर्ण रिकामा केला असं समजून तळाला वीतभर पाणी राहतं, स्किमरच्या डब्यात राहतं, तेही तितकंच वाईट.

अक्का
आमच्या शेततळ्यात गप्पी मासे सोडलेत, डास नाही होत. पूलमध्ये सोडता येतील की.

आरोग्यसेवक
अक्का, शेततळ्यात उत्तम. पूलमध्ये क्लोरीन असेल तर मासे मरतील आणि क्लोरीन नसेल तर पाणी हिरवं होईल. दोन्हीपैकी एकच निवडावं लागतं. सहा-सात महिने पूल वापरायचाच नसेल तर क्लोरीन बंद करून मासे सोडणं हा पर्याय आहे खरा, पण परत पोहायच्या आधी बरीच मेहनत.

होटगी रोडवाला
म्हणजे पूल चालूच ठेवायचा? मग बंद काय केला?

टूलबॉक्स मामा
अर्धा चालू. माझा सल्ला ऐका मालक. पूल साधारण ५७ हजार लिटरचा आहे. पंप ताशी बारा-पंधरा हजार लिटर ओढतो असं धरलं तर सगळं पाणी एकदा फिरायला चार-साडेचार तास लागतात. उन्हाळ्यात सहा-आठ तास चालवावा लागतो, हिवाळ्यात कुणी पोहत नसेल तर रोज दोन तास पुरे, टायमर लावून टाका. दीड एचपी म्हणजे ताशी साधारण सव्वा युनिट. महिन्याला सत्तर-ऐंशी युनिट जातील. ओतून दिलं तर दहा हजार लिटरचे सहा टँकर लागतील भरायला. कुठलं परवडतं ते तुम्हीच बघा.

पंप रोज थोडा फिरला की मेकॅनिकल सील चिकटत नाही, लाईनीतलं पाणी शिळं होत नाही. खरं सांगायचं तर लाईनीत पाणी असतंच किती? दोन इंची पाईपात मीटरला दोन लिटर. तुमची पंधरा मीटरची लाईन धरली तर तीस लिटर. ते काढून काय मिळवणार? ते रोज बदलत राहिलं की झालं.

केमिकल आप्पा
टूलबॉक्स मामांना +१. क्लोरीन एक ते दोन पीपीएम ठेवा, सामू आठवड्याला तपासा, सुरुवातीला एकदा अल्गीसाईड (शेवाळ मारणारं औषध). पंप संध्याकाळी क्लोरीन टाकून चालवा, उन्हात क्लोरीन लवकर उडतो. आणि मल्टीपोर्टचं हँडल पंप चालू असताना फिरवायचं नाही, आतला गास्केट सरकतो, मग फिल्टरला पाणी न जाता कुठल्याही लाईनीत पाणी पळतं. बंद करायच्या आधी मल्टीपोर्टच्या काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत बॅकवॉश, मग अर्धा मिनिट रिन्स म्हणजे वाळू परत बसवायला सरळ पाणी सोडून बाहेर काढणं.

सांगोल्याचा डाळिंबवाला
बॅकवॉशचं पाणी डाळिंबाला देऊ नका. क्लोरीन उडून जातो दोन-तीन दिवसांत पण क्लोराईड आणि मीठ राहतं, पानांच्या कडा करपतात. बांधावरच्या झाडांना सोडा.

माजी जवान
मी सोलापूरचाच, सैन्यात होतो, लेहला हिवाळे काढलेत. धाग्याच्या मूळ विषयावर थोडं. गोठण्याचा त्रास काय असतो ते तिथं बघितलं. रात्री नळ पूर्ण बंद करायचा नाही, बारीक धार सोडून ठेवायची, किंवा लाईन खालच्या टोकाला उघडून सगळी रिकामी करायची. पाईप बर्फ धरतो तिथंच फुटतो असं नाही, बर्फाचा गोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी चेपलं जातं आणि तिथं फुटतो. म्हणून नळ उघडा ठेवला की दाब निघून जातो. आणि फुटलेलं लगेच कळत नाही, ऊन पडून बर्फ वितळला की मग पाणी वाहायला लागतं. चादरवाली ताईंनी लिहिलंय ते वाचून सगळं आठवलं. भाऊ म्हणतोय ते त्याच्या जागी अगदी रास्त.

नवी पेठ
महाबळेश्वरला वेण्णा तलावावर दवबिंदू गोठल्याचे फोटो दर वर्षी पेपरात येतात, निफाडला द्राक्षवाले रात्री शेकोट्या करतात. तिथल्या फार्महाऊसवाल्यांनी लाईन रिकामी करावी का मग?

चादरवाली
नाही लागणार. दव गोठतं ते पहाटेचे काही तास आणि अगदी पृष्ठभागावर, गवतावर, गाडीच्या टपावर. जमिनीत गाडलेली लाईन एवढ्यात शून्याला जात नाही, हजारो लिटरचा पूल तर नाहीच. फार तर उघड्यावरच्या पंपाचा प्लग काढून ठेवा त्या आठवड्यात. आमच्याकडे उणे वीस-पंचवीस अंश आठवडेच्या आठवडे टिकतं, तेव्हा हे सगळे सोपस्कार.

वालचंदवाला
एक प्रश्न राहिला. घर पूर्ण बंद, वीज तोडलेली, वर्षभर कुणी येणार नाही अशी परिस्थिती असेल तर? आमचं अक्कलकोट रोडचं तसं आहे, पंप फिरवायला माणूसच नाही.

टूलबॉक्स मामा
तेव्हा मात्र लाईन रिकामी करा, थंडीसाठी नाही, सडू नये म्हणून. पूलची लेव्हल स्किमर आणि रिटर्नच्या खाली आणा, त्याखालचं पाणी राहू द्या. पंप आणि फिल्टरचे प्लग काढा, ते पंपाच्या बास्केटमध्येच ठेवा म्हणजे हरवत नाहीत. मेन ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद. पंप युनियनमधून (पाईपाचा उघडता येणारा जोड) सोडवून घरात ठेवलात तर आणखी बरं, चोरीचंही टेन्शन नाही. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, साधं पेट्रोलियमचं ग्रीस काही रबरांना फुगवतं. पाईपांची उघडी तोंडं बुचांनी बंद करा, नाहीतर बेडूक, विंचू, साप आत जाऊन बसतात, पुढच्या वर्षी पंप चालू केला की इम्पेलरमध्ये येतात. उंदीर पण. आणि उन्हात उघडी असलेली यूपीव्हीसी लाईन असेल तर तिला रंग मारा, ऊन खाऊन ती ठिसूळ होते आणि हात लावला की चिरते. सोलापुरात लाईन फुटते ती बर्फाने नाही, उन्हाने.

आणि त्या राहिलेल्या पाण्याला आरोग्यसेवक म्हणतात तसे गप्पी मासे.

वालचंदवाला
धन्यवाद मामा. आमची लाईन उघडीच आहे पंपरूमच्या बाहेर, आधी रंगाचं बघतो.

कडक भाकरी
उन्हाने फुटते हे बाकी खरं बे. आमच्या टेरेसवरची टाकीची लाईन एका उन्हाळ्यात पापड झाली.

माळावरचा
मंडळी, शेवटी असं ठरवलंय. पूल भरलेलाच ठेवणार. बॅकवॉश आणि रिन्स करून टायमरवर रोज संध्याकाळी दोन तास पंप, मामांना क्लोरीन आणि सामूचा किट शिकवणार, त्यांना आवडेलही. रिकामा करायची वेळ आली तर मे महिन्यात विहीर बघून. सिव्हिल अण्णांनी सांगितलेला पाईप शेजारी पुरून घेतो, आमची विहीर सध्या काठोकाठ आहे त्यामुळं मेंटेनन्सवाल्याला नको म्हणून कळवलं. भावाला हा धागा पाठवला, तो म्हणाला चादरवाली ताईंनी मेन ड्रेनचं जे लिहिलंय, हवा चालू असताना व्हॉल्व्ह बंद करायचं, ते त्याला नव्यानेच कळलं. त्याच्याकडे पुढच्या आठवड्यात बंद करणार आहेत.

एक शेवटचं. पाला पडतो खूप, लिंबाचं झाड आहे जवळ. वर शेडनेट ताणली तर चालेल का?

आरोग्यसेवक
पाल्यासाठी चालेल, पण शेतावर लहान मुलं असतील तर शेडनेटवर भरवसा ठेवू नका. ती वजन पेलत नाही, मूल तिच्यावर गेलं तर जाळीसकट पाण्यात जातं आणि जाळीत गुरफटतं, उघड्या पाण्यापेक्षा ते जास्त धोक्याचं. कुणी पोहत नाही तेव्हा पूलकडे कुणाचं लक्षही नसतं. मामांची नातवंडं येत असतील ना?

माळावरचा
हो, दोघं आहेत, एक चार वर्षांचं.

सिव्हिल अण्णा
मग आधी कुंपण. चारही बाजूंनी किमान चार फूट उंच, आडव्या पट्ट्या नकोत, मुलं पाय देऊन चढतात, उभ्या सळ्यांमधलं अंतर चार इंचाच्या आत. गेट बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप बंद होणारं, कडी मुलाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर. एमआयडीसीत कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. शेडनेट त्यानंतर ताणा, मधे एक तार घालून उतार द्या म्हणजे पाला एका बाजूला जमतो.

माळावरचा
माप घेऊन उद्याच जातो. तोपर्यंत पूलकडच्या दाराला कुलूप लावायला सांगितलंय मामांना.